फ्रंट लागत न्हाई

खिंडीच्या तोंडाशी तात्यानं जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तो बाजूला उभा राहिला. पुढं रस्ता नव्हता. आदल्या आठवड्यापर्यंत होता. नांदखोलच्या लोकांनी तो माणूस आत उभा राहील इतका खोल खणून काढला होता आणि निघालेली माती शेजारच्या ओढ्यात लोटून दिली होती, म्हणजे चर बुजवायला जवळपास मातीही सापडू नये. चराच्या पलीकडं शिळा आणून टाकल्या होत्या. दोन-तीन वाड्यांची सगळी माणसं खपल्याशिवाय असलं काम होत नाही.

रायबागकरसाहेब टोपी काढून डोकं पुसत काठापर्यंत गेले, आत वाकून बघितलं आणि परत आले. ते आमचे डेप्युटी इंजिनिअर. वेरळी नदीवर धरण व्हायचं ठरलं होतं, नांदखोल त्याच्या पाण्यात जाणार होतं आणि गावातल्या घरांची मोजणी मेअखेर पुरी करायचा हुकूम होता. साल अडुसष्ट. पाऊस लागला की नांदखोल चार महिने तुटायचं, मग मोजणी थेट दिवाळीनंतर. गावाला तेच हवं होतं. पंधरवड्यापूर्वी आमची चार माणसं डोंगरातून चालत गेली होती. गावानं त्यांना शिवी दिली नाही की हात लावला नाही. फक्त पाणी दिलं नाही आणि ओझ्याला गडी दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती उन्हानं करपून परत आली.

साहेबांनी बॉनेटवर नकाशा पसरला आणि मागच्या डोंगरावरून नांदखोलात उतरणाऱ्या घोणसदऱ्याच्या वाटेवर बोट ठेवून तात्याला विचारलं, ही वाट कशी आहे.

"वाट बैलांची हाय, सायेब. पाठीवर गोणी टाकून मीठ आणायचे, त्या बैलांची. गाडीची न्हाई."

"जीपला कुठं रस्ता लागतो?"

"चारी चाकांनी वढलं तर जाईल बी. पर हिची फ्रंट लागत न्हाई. दोन महिनं झालं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी खांदे उडवले, आणि आम्ही परत फिरलो.

फ्रंट म्हणजे काय ते सांगायला हवं. साध्या रस्त्यावर जीप मागच्या दोन चाकांवर चालते. ड्रायव्हरच्या पायाशी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात. त्यातला एक ओढला की इंजिनाची ताकद लांब लोखंडी शाफ्टातून पुढच्या चाकांनाही जाते आणि गाडी चारी पायांनी चढू लागते. दुसरा ओढला की वेग अगदी कमी होतो आणि जोर दुप्पट. जीपचं सगळं मोठेपण त्या दोन दांड्यांत. ते लागले नाहीत तर ती म्हणजे नुसती दरवाजे नसलेली, हाडं खिळखिळी करणारी गाडी.

आमची जीप लढाईतली होती. खरी विलीज, स्टिअरिंग डाव्या हाताला. युद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या ढिगातून खात्यानं ती घेतली होती आणि वीस वर्षं वापरूनही तिला काही झालं नव्हतं. मी तेवीस वर्षांचा, मिरजेचा, डिप्लोमा करून ओव्हरसियर म्हणून नुकता चिकटलेला. माझ्या मामाचं गॅरेज होतं, त्यामुळं इंजिनाच्या वासातच वाढलो. पण जीपनं मला जसं वेड लावलं तसं दुसऱ्या कुठल्या गाडीनं लावलं नाही. तिच्यात दिखाऊ असं काहीच नव्हतं. पुढची काच आडवी करून बॉनेटवर झोपवता यायची. हेडलाइट उलटे वळवून इंजिनावर पाडता यायचे, म्हणजे अंधारात दुरुस्ती करायला कंदील नको. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली. कुणीतरी शहाण्या माणसानं फक्त कामाचा विचार करून बनवलेली वस्तू.

तिची जुनी इंग्रजी पुस्तिका मी स्टोअरमधून शोधून काढून पाठ केली होती. अमेरिकन लष्करानं अशी गाडी मागितली तेव्हा पहिला नमुना एका लहानशा कारखान्यानं सात आठवड्यांत उभा केला. पुढं लाखांनी गाड्या बनवायचं काम मात्र मोठ्या कारखान्यांना मिळालं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. तात्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लहानाचं तसंच असतंय." जीप हे नाव कशावरून पडलं याचेही तीन-चार वेगवेगळे किस्से आहेत, त्यातला खरा कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. तात्या म्हणायचा की ब्रह्मदेशात त्यांच्या तुकडीत कुणी त्या भानगडीत पडत नसे. चिखलातून बाहेर काढते ती जीप.

तात्या म्हणजे तातोबा सपकाळ. मेढ्याजवळच्या एका वाडीतला. विसाव्या वर्षी लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला, इंफाळच्या पलीकडं दोन पावसाळे त्यानं जखमी माणसं वाहिली, आणि परत आल्यावर आमच्या खात्यात लागला. उंच, वाळका, कमी बोलणारा. मला तो 'वसंतराव' म्हणायचा. माझ्यासारख्या पोरगेल्या माणसाला त्या वयात कुणी राव लावत नसे. रिकाम्या वेळात नदीच्या पात्रात नेऊन त्यानं मला जीप शिकवली. वाळूत रुतली तर ॲक्सिलेटर मारायचा नाही, उतरून आधी चाकाकडं बघायचं, हे त्याचं पहिलं वाक्य.

खिंडीतून परत आलो तो शुक्रवार होता. शनिवारी संध्याकाळी तात्या रजा टाकून घरी गेला. रविवारी कॅम्पवर मी आणि स्वयंपाकी दोघंच. सकाळचा वेळ जाईना म्हणून मी जीपखाली शिरलो. बघतो तर पुढचा शाफ्ट जागेवरच नव्हता. दोन्ही टोकांना नुसत्या मोकळ्या जागा. मग मी शोधायला लागलो आणि हत्यारांच्या खोलीत, टारपोलिनच्या गठ्ठ्यामागं, तो गोणपाटात गुंडाळलेला सापडला. टोकांच्या सांध्यांतले क्रॉस तपासले, दोन्ही गुळगुळीत फिरत होते. बोल्ट वेगळ्या पुडीत बांधलेले होते. दुपारच्या आत मी शाफ्ट बसवला, जीप नदीच्या पात्रात घातली, दांडा ओढला आणि ती भिजल्या वाळूतून अशी निघाली की मी एकटाच मोठ्यानं हसलो.

सोमवारी साहेब साताऱ्याहून आले. मी त्यांना सांगितलं की फ्रंट लागायला लागली आहे, शाफ्ट तात्यानं दुरुस्तीसाठी काढून ठेवला असावा, तो मी बसवला. तात्यावर काही येऊ नये असं मी जपून बोललो. साहेब खूश झाले. उद्याच निघू म्हणाले, आणि गमतीत की खरंच कोण जाणे, तात्या नको म्हणाला तर तूच चालव असंही म्हणाले. मी हो म्हटलं.

तात्या दुपारी आला. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं. तो ऐकत असताना मी टेबलापाशीच उभा होतो. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या माणसाला लांबून हाक मारावी आणि जवळ गेल्यावर तो दुसराच निघावा, तसं काहीतरी होतं. मग तो साहेबांना म्हणाला, "ह्यांनी नेली तर दोघंबी दरीत जाल. मीच नेतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही घोणसदऱ्याला लागलो.

आजवर मी पुष्कळ गाड्या पाहिल्या, घाटातले पुष्कळ ड्रायव्हर पाहिले. पण त्या दिवशी तात्यानं जशी गाडी चालवली तसं चालवणं परत बघायला मिळालं नाही. वाट सव्वा मैलाची, त्याला तीन तास लागले. त्यानं काच झोपवली, पुढची चाकं कुठं टेकतात ते दिसावं म्हणून. दर पन्नास पावलांनी तो उतरायचा, पुढं चालत जायचा, चार दगड हलवायचा, दोन दगड आणून ठेवायचा, आणि परत येऊन बसायचा. साहेब पहिल्याच वळणावर उतरले आणि मागून चालत राहिले. मला त्यानं डोंगराच्या बाजूला पायरीवर उभं केलं, तोल राहावा म्हणून. एका जागी दरीकडचं मागचं चाक पूर्ण हवेत गेलं. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं, पुढची चाकं कातळाला बोटांसारखी धरून होती, आणि जीप इंच इंच वर सरकत होती. मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद झाला होता की त्यात दुसरं काही मावत नव्हतं.

माथ्यावर आलो. खाली नांदखोल दिसलं. चाळीसएक घरं, भाताची खाचरं, नदीचं वळण. तात्यानं तिथं इंजिन बंद केलं नाही. उतरणीला लावली.

त्या बाजूनं गाडी येईल असं गावाच्या स्वप्नातही नव्हतं. माणसं घराघरांतून बाहेर आली आणि नुसती उभी राहिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी आडवं झालं नाही. बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. एक म्हातारा जीपच्या बॉनेटपर्यंत आला, हात लावून ती तापलेली आहे का बघितल्यासारखं केलं आणि परत जाऊन ओट्यावर बसला. लढाई न होताच हरलेल्या माणसांचं गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं; पण ते तसं आहे हे कळायला मला बरीच वर्षं गेली. त्या दिवशी मला वाटलं, चला, त्रास झाला नाही.

पाणी आम्ही बरोबर नेलं होतं. साहेब आंब्याखाली खुर्ची टाकून बसले आणि मी वही घेऊन घरोघर निघालो. घराचं माप, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, कुटुंबप्रमुख कोण, आत माणसं किती, चुली किती. नियम असा होता की ज्याचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून यादीत येईल त्याला नव्या वसाहतीत एक प्लॉट आणि त्यामागं जमीन. यादी त्या दिवशी बंद व्हायची होती.

पस्तिसाव्या की छत्तिसाव्या घराशी हरिबा चाळके नावाचा जाडसर माणूस पुढं आला. घर त्याचं. मी आतली माणसं विचारत होतो, तेवढ्यात घराच्या मागल्या सोप्यातून एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. कपाळ मोकळं. ती म्हणाली, "माजी चूल येगळी हाय."

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मालक गेल्यापासून, सहा वर्षं. सोप्यात खरंच वेगळी चूल होती, वर शिंकाळं होतं, कोपऱ्यात भाताची कणगी होती. मी विचारलं, काही कागद आहे का, उतारा वगैरे.

"घर एकच हाय," हरिबा म्हणाला. "माझी भावजय. माझ्यातच धरा."

"सात जूनला सर्कलनं बोलावलंय," ती बाई माझ्याकडं बघत म्हणाली. "हिश्श्याची नोंद व्हनार हाय."

आंब्याखालून साहेबांनी हाक मारली, ऊन चढतंय, आटपा. मी वहीत हरिबा चाळके यांच्या नावाखाली लिहिलं: भावजय, विधवा, अवलंबून. लिहिताना ती बाई माझ्या हाताकडं बघत होती. मी पुढच्या घराकडं गेलो.

थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं तर ती तांब्या घेऊन जीपपाशी गेली होती. गावात आम्हाला कुणी पाण्याचं विचारलं नव्हतं. तिनं तो तात्यापुढं धरला. तात्या पाणी प्यायला, तांब्या परत दिला. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. मला जरा नवल वाटलं, एवढंच. परतीच्या वाटेवर साहेब पुढं बसले होते, बोलायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला दोनदा शाबासकी दिली. यादीच्या शेवटी एकूण कुटुंबं एकेचाळीस असं लिहून त्यांनी तिथंच, जीपमध्ये, सही केली आणि स्वच्छ प्रत उद्या करून ठेव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूत प्रत करायला बसलो होतो. साहेब अजून उठायचे होते. तात्या आला आणि आत न येता दारातच उकिडवा बसला.

"ती गोजरा," तो म्हणाला. "माझी धाकटी भन."

मी टाक खाली ठेवला.

मग त्यानं सगळं सांगितलं. गोजराचा नवरा सर्प चावून गेला, मूलबाळ नाही. दीर तिला हिस्सा द्यायला तयार नाही. सहा वर्षं तात्या चावडीच्या खेपा घालत होता. शेवटी यंदा वारसनोंदीचा अर्ज पुढं सरकला, दिरानं हरकत घेतली, आणि सर्कल इन्स्पेक्टरपुढं सुनावणीची तारीख सात जून लागली. रविवारी तो घरी गेला नव्हताच, तलाठ्याकडं बसून नोटिशीची नक्कल आणायला गेला होता. नवऱ्याचा हिस्सा एकदा तिच्या नावावर चढला की ती सुटी खातेदार, आणि मग मोजणीत तिचं घर वेगळं धरावंच लागलं असतं.

"मला धरण थांबवायचं नव्हतं, वसंतराव. ते माझ्यानं थांबनार हाय व्हय. मला सात तारीख गाठायची हुती."

"मला आधी सांगायचं होतं तुम्ही," मी म्हणालो.

"तुमी सायेबास्नी सांगितलं असतं."

तो ते सहज म्हणाला, जसं एखाद्या रस्त्याबद्दल सांगावं की तिथं पुढं खड्डा आहे. मला राग आला. राग आला कारण ते खरं होतं. मी विचारलं की मग चढावर गाडी अडली असं का नाही केलं, तुमच्या हातातच तर होती. त्यानं बाहेर उभ्या जीपकडं पाहिलं. मग म्हणाला, "शाफ्ट काढून ठेवला तवा हात थरथरलं न्हाईत. पर एकदा स्टिअरिंग हातात आल्यावर मला तसं जमत न्हाई. आन् बाजूला तुमी लटकला हुता."

मग तो जे मागायला आला होता ते त्यानं मागितलं. प्रत अजून व्हायची होती. एक ओळ. गोजरा चाळके, चूल वेगळी, घर वेगळं. एकेचाळीसचे बेचाळीस.

मी म्हणालो, बघतो.

तात्या उठून गेला. मी खरंच विचार केला. ओळ नुसती लिहिता आली नसती, साहेबांची सही एकेचाळीसवर होती. त्यांच्याकडं जावं लागलं असतं, का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं तर शाफ्टाची गोष्ट निघाली असती आणि तात्याची नोकरी गेली असती. मी गप्प बसून तात्यालाच वाचवतो आहे, असं मी स्वतःला समजावलं. हे समजावणं इतकं सोयीचं होतं की दहा वाजायच्या आत मी प्रत पुरी केली. साहेबांनी चहा घेता घेता ती चाळली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि टपालात टाकली.

सात जूनला गोजरा सर्कलपुढं गेली तेव्हा हरिबानं यादीची नक्कल पुढं ठेवली. सरकारनंच लिहिलंय की ही माझ्यावर अवलंबून आहे, चूल एकच आहे. हरकत मान्य झाली. हे मला तात्यानं नाही सांगितलं; चावडीतल्या एका कारकुनानं, दुसऱ्याच कामाच्या बोलण्यात, सांगितलं.

त्यानंतर चार वर्षं तात्या आणि मी त्याच जीपमधून फिरलो. तो त्या विषयावर पुन्हा अवाक्षर बोलला नाही. गाडी तशीच चालवायचा, चढावर तसाच उतरून दगड बघायचा. मला जीपमधलं काही विचारलं तर सांगायचा. फक्त 'वसंतराव' गेलं आणि 'सायेब' आलं. एकदा मी त्याला म्हणालो, तात्या, पूर्वीसारखं नाव घ्या. तो म्हणाला, व्हय सायेब.

मग माझी बदली झाली, बढती झाली. धरण झालं. हरिबाला खाली मैदानात प्लॉट आणि जमीन मिळाली. गोजरा दोन वर्षं त्याच्या घरात राबली आणि मग भावाकडं येऊन राहिली, एवढं कानावर आलं. ती जीप एकोणऐंशीत लिलावात गेली. मी तात्याला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायला काय हरकत होती, असं वाटायचं, आणि तेवढ्यावर वर्षं जायची.

नव्याण्णव साली पुण्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. मी सहज बघायला गेलो. पंचवीस-तीस जीपा ओळीनं उभ्या होत्या आणि त्यात आमची होती. बॉनेटवरच्या नंबरावरून ओळखली. लष्करी हिरवा रंग, पांढरा तारा, नवं कॅनव्हास. तिशीतला एक मुलगा मालक होता. त्यानं मोडीत पडलेली ती शोधून तीन वर्षं खपून उभी केली होती. एकेक सुटा भाग कुठून मिळवला ते तो मोठ्या प्रेमानं सांगत होता. त्याचे डोळे बघताना मला तेवीस वर्षांचा मी आठवलो. तो म्हणाला, "काका, ही कुठंही जाते. हिला रस्ता लागतच नाही."

मी म्हणालो, माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी मेढ्याला गेलो.

तात्याचं घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी तातोबा सपकाळांचं नाव घेतलं. ती म्हणाली, वारला, वर्ष झालं. मी उभाच राहिलो तशी तिनं घोंगडी टाकली, कोण, कुठले विचारलं. मी म्हणालो, त्यांच्याबरोबर नोकरीला होतो. धरणावर. वसंत उपळेकर.

तिनं सूप खाली ठेवलं आणि नीट पाहिलं. मग आत जाऊन चहा टाकून आली.

"दादा तुमचं नाव काडायचा," ती म्हणाली. "म्हनायचा, वसंतरावांनी लई खटपट केली तुझ्यासाठी. वरच्यांनी ऐकलं न्हाई, त्याला त्यो काय करनार. मरायच्या आधी चार दिवस बी म्हनला."

तिच्यासमोर ते तसंच राहू देता आलं असतं. तो माणूस गेला होता, ती समाधानी दिसत होती, आणि मी चौपन्न वर्षांचा झालो होतो. पण मी सांगितलं. सांगितलं की खटपट कसलीच केली नाही. एक ओळ मागितली होती ती लिहिली नाही, साहेबांकडं गेलोसुद्धा नाही. आणि त्याच्या आधीचंही, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं: शाफ्ट दुरुस्तीला काढलेला नव्हता हे मला त्या रविवारी गोणपाट सोडतानाच कळलं होतं. त्याला नवं ग्रीस लावलेलं होतं. मोडकी वस्तू कुणी अशी जपून ठेवत नाही. तात्याला जीप चढू द्यायची नाही, त्याला काहीतरी कारण आहे, हे कळूनही मी तो बसवला, कारण मला ती त्या चढावर चढलेली बघायची होती. दुसरं काही नाही.

मी थांबल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी लिवत हुता तवा मी हाताकडं बगत हुते. ज्याला काय करायचं असतं त्यो मानूस त्या बाईकडं एकदा तरी बगतो. तुमी बगितलंच न्हाई."

"मग तात्या म्हणायचे तेव्हा..."

"ऐकून घ्यायची. त्यानंच तुमास्नी गाडी शिकवली, त्यानंच गावात गाडी आनली. तुमी चांगलं हुता म्हनलं की त्याला जरा बरं वाटायचं."

अंगणात ऊन पसरलं होतं. खालच्या रस्त्यावरून एक एसटी गेली. मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं, चार खडे वेचून बाजूला टाकले आणि वर न बघता विचारलं, "मग आज कशापायी आलात?"

मला सांगता आलं नाही. तात्याची माफी मागायला, म्हणावं तर तो नव्हता. तिची मागायला, म्हणावं तर ती इथं आहे हे मला दारात येईपर्यंत नक्की ठाऊकही नव्हतं. तिनं उत्तराची घाई केली नाही. पसाभर तांदूळ निवडून झाल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या हातातला गार झालेला कप घेतला आणि चहा तापवायला आत गेली.